नुसता पुढे पाठवला

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शब्बाथ शाळेत दहा आज्ञांचे पाठ चालू होते आणि खोट्या साक्षीविषयीच्या नवव्या आज्ञेचा रविवार आला. मुले नेहमीप्रमाणे आपापली उदाहरणे सांगू लागली. एकाने खिडकीची काच फोडून धाकट्या भावाचे नाव सांगितले होते. एकीने हरवलेल्या पेन्सिलीचा आळ मैत्रिणीवर घेतला होता. शेवटच्या बाकावरची बारा-तेरा वर्षांची एक मुलगी मात्र बराच वेळ गप्प होती. शेवटी ती उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, आपण स्वतः काही खोटे बोललो नाही. दुसऱ्याने पाठवलेला मेसेज नुसता पुढे पाठवला, आणि तो खोटा निघाला, तर ती खोटी साक्ष होते का?”

“पुढच्या रविवारी सांगते,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे. त्याचे उत्तर मला फार दिवसांपासून ठाऊक होते, आणि ते चारचौघांत बोलून दाखवण्याचे धैर्य मला होत नव्हते. ते आज या पानावर करीत आहे.

आमचे गाव सीमाभागातले. येथे मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही भाषांतून बातम्या येतात आणि अफवाही तिन्ही भाषांतून येतात. 2018 सालच्या जून महिन्यात ‘मुले पळवणारी टोळी आली आहे’ ही अफवा गावोगाव फिरत होती. एके दिवशी माझ्या मोबाइलवर एका स्त्रीचे छायाचित्र आले. डोक्यावर बोचके, कडेला झोळी, आणि खाली मजकूर, की ही बाई त्या टोळीतली आहे, मुलांना घराबाहेर सोडू नका. मी ते शब्बाथ शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर पाठवले. इतकेच नव्हे, तर त्याखाली माझी एक ओळ जोडली: ‘पालकांनी काळजी घ्यावी.’ आपण एक चांगले काम केले अशा समाधानाने मी स्वयंपाकाला लागले.

दोन दिवसांनी आमच्या गल्लीत सुया, बिब्बे आणि फण्या विकणाऱ्या मावशी आल्या. वर्षातून चार-पाच वेळा त्या येत. त्यांचे नाव आम्ही कोणी कधी विचारले नव्हते, पण त्यांची हाक सर्वांच्या ओळखीची होती. त्या दिवशी त्यांच्या हाकेला एकही दार उघडले नाही. उलट जी उघडी होती ती लागली. आणि कोठून तरी एक दगड आला. मी धावत बाहेर गेले तेव्हा त्या आमच्या पायरीवर बसल्या होत्या आणि कपाळाच्या खोकेतून रक्त येत होते. मी पाणी दिले, जखम धुतली, हळद दाबली. “माझं काय चुकलं, बाई?” एवढेच त्यांनी विचारले. छायाचित्रातली स्त्री त्या नव्हत्याच. दोघींत सारखे होते ते फक्त डोक्यावरचे बोचके.

दगड मारणारा मुलगा माझ्याच वर्गातला, दहा वर्षांचा. त्याला रागावायला मी संध्याकाळी त्याच्या घरी गेले, तर तो निरागसपणे म्हणाला, “पण बाई, तुमचाच मेसेज होता ना? आईने वाचून दाखवला.”

त्या मावशी पुन्हा आमच्या गल्लीत आल्या नाहीत.

यानंतर काही दिवसांतच, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी काय झाले ते वाचकांना आठवत असेल. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसे त्या गावात आली होती. बाजाराचा दिवस होता. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना घेरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि पाच जणांना मरेपर्यंत मारले. त्यांच्यापैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. पिढ्यानपिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारा हा समाज. ज्या फिरण्यावर त्यांचे पोट होते, तेच त्या दिवशी संशयाचे कारण झाले.

पुढे दोन आठवडेही गेले नाहीत तोच 13 जुलैला बीदर जिल्ह्यातील मुर्की येथे तसेच घडले. हैदराबादचे काही तरुण मोटारीतून त्या भागात गेले होते. वाटेत त्यांनी शाळेच्या मुलांना चॉकलेटे दिली. संशय आला, बाचाबाची झाली, आणि ते घाबरून मोटारीतून निघाले. पण मोटारीपेक्षा संदेश वेगाने धावला. त्यांची छायाचित्रे आणि मजकूर व्हॉट्सॲपवरून पुढच्या गावी आधीच पोहोचले होते. तेथे रस्ता अडवला गेला. एक तरुण संगणक अभियंता ठार झाला, बाकीचे जबर जखमी झाले. मुलांना खाऊ देणे हा त्यांचा अपराध होता.

त्या दिवसांत एक चित्रफीतही लाखो हातांतून फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे जण येतात आणि रस्त्यात खेळणारे मूल उचलून पळ काढतात. पाहणाऱ्याच्या काळजात धस्स व्हावे अशी ती होती. पुढे तपास झाला तेव्हा कळले, की ती कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. मूळ चित्रफितीच्या शेवटी ते दोघे परत येतात, मूल सुखरूप खाली ठेवतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. तयार करणारे मुलांचे हितचिंतक होते. ज्याने कापले त्याने एक अक्षरही खोटे लिहिले नसेल. ज्यांनी पुढे पाठवले त्यांना तर मुलांचीच काळजी होती. आणि तरीही निरपराध माणसांचे प्राण गेले. मग खोटी साक्ष दिली तरी कोणी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायाने अडवले. त्याच्या आरंभीच खोट्या बातमीविषयी ताकीद आहे. आपण ती वाचतो आणि समजतो, की ती बातमी रचणाऱ्यासाठी आहे. पण मूळ इब्री भाषेत तेथे जे क्रियापद आहे त्याचा साधा अर्थ ‘उचलणे’, ‘वाहून नेणे’ असा आहे. म्हणजे ताकीद हमालालाही आहे. बातमी कोणी रचली हा प्रश्न तेथे नाहीच. तू ती खांद्यावर घेतलीस का, हा प्रश्न आहे. तीन हजार वर्षांपूर्वी ना छापखाना होता ना तार होती, तरी अफवेचे बळ रचणाऱ्याच्या जिभेपेक्षा वाहणाऱ्यांच्या खांद्यांत असते, हे त्या काळच्या माणसांना कळले होते.

दुसरा एक नियम अनुवादाच्या सतराव्या अध्यायात आहे. कोणाला देहान्ताची शिक्षा व्हावयाची असेल, तर ज्यांनी साक्ष दिली त्यांनीच पहिला हात उचलावयाचा. आजच्या मनाला हा नियम कठोर वाटतो, आणि ती शिक्षाही आपण आज मान्य करणार नाही. परंतु त्यामागचा विचार पाहा. जो बोलतो त्याने आपल्या शब्दाचा शेवट डोळ्यांनी पाहावा, त्याचे ओझे हाताला जाणवावे. आपल्या मोबाइलने नेमके हेच नाते तोडले आहे. साक्ष देणारा घरी चहा पीत बसतो आणि दगड तिसऱ्याच्याच हातून पडतो. माझ्या बाबतीत तर तो दहा वर्षांच्या मुलाच्या हातून पडला.

असे म्हणतात, की दहा हजार लोकांनी पाठवले तर प्रत्येकाचा दोष दहा हजारावा भाग. हा हिशेब मला पटत नाही. दहा जणांनी मिळून ओंडका उचलला तर भार वाटला जातो हे खरे, पण पापाचा भार लाकडासारखा वाटला जात नाही. दहा हजारांपैकी प्रत्येकाजवळ थांबण्याची संधी पुरती होती, अपुरी नव्हती. आणि माझ्या पालकांनी तो संदेश मानला तो दहा हजारांनी पाठवला म्हणून नव्हे, तर त्यांच्या ओळखीच्या बाईंनी पाठवला म्हणून. अफवेला गावोगाव जे पाय फुटतात ते अशा विश्वासाच्या माणसांचे असतात. जितका आपल्यावर लोकांचा विश्वास अधिक, तितकी आपल्या हातून गेलेली अफवा अधिक घातक. हे पाळकांनी, वडीलमंडळींनी आणि आम्हा शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

आता कोणी विचारील, “पण ते खरे निघाले असते तर? मुलांच्या बाबतीत थोडी जास्त काळजी घेतली तर काय बिघडले?” हा युक्तिवाद मीही त्या रात्री स्वतःपाशी करून पाहिला. त्यात एक खोट आहे. आपली चूक झाली तर किंमत कोण देणार, हे तो युक्तिवाद विचारतच नाही. काळजी घेतल्याचे समाधान माझे, आणि चुकीची किंमत त्या मावशींच्या कपाळाची! अफवेची किंमत बहुधा असाच कोणी देतो, ज्याची गावात ओळख नाही, ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही. आपली मंडळी लहान आहे. ‘हे लोक असे असतात’ या बोलण्याची झळ आपल्यालाही लागलेली आहे. निदान आपण तरी हे विसरू नये.

आणि खरोखर काळजी असती तर मी काय केले असते? पोलीस ठाण्यात विचारले असते, शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटले असते. त्याला अर्धा दिवस लागला असता. अंगठ्याने बटण दाबायला क्षणही लागला नाही. 2018 च्या जुलैमध्ये व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. 2019 च्या जानेवारीत ती जगभर लागू केली. 2020 च्या एप्रिलमध्ये, पुष्कळ वेळा फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, आणि त्यानंतर असे संदेश 70 टक्क्यांनी कमी झाल्याचे कंपनीनेच जाहीर केले. हा आकडा मला आरशासारखा वाटतो. पाठवण्याची बंदी नव्हती. फक्त थोडे श्रम वाढले होते. तेवढ्या श्रमाच्याही लायकीची आमची काळजी नव्हती!

मग सरकारने कडक कायदा करून हे थांबवावे का? येथे घाई करू नये. 2012 सालच्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर बंद पाळला गेला, तेव्हा पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्याविषयी आपले मत लिहिले आणि दुसरीने त्याला पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली. दुसरीने तर एक बोटच टेकवले होते. पुढे तो खटला बंद झाला. आणि ज्या कलमाचा त्यात वापर झाला होता ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. ‘त्रासदायक’ यासारख्या सैल शब्दांवर माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. एका बाजूला पालघर आणि दुसऱ्या बाजूला राईनपाडा. बोट टेकवणाऱ्याला शिक्षा करू लागलो तर सत्य बोलणाऱ्याचाही गळा दाबला जातो. आणि बोटाला मोकळे सोडले तर निरपराधाचा जीव जातो.

गुप्ततेचेही असेच आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्याआधीच, 2016 च्या एप्रिलपासून, व्हॉट्सॲपवरचे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही, कंपनीलाही, वाचता येऊ नयेत अशी व्यवस्था झाली होती. 2021 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नियम केले, की रीतसर हुकूम आल्यास संदेश मुळात कोणी पाठवला हे मोठ्या संदेशसेवांना सांगता आले पाहिजे. यामुळे सर्वांच्याच पत्रांची मोहोर फुटेल, असे म्हणून कंपनी त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

या वादात मी मोहोरबंद पाकिटाच्या बाजूची आहे. सासरी मार खाणारी मुलगी आईला लिहिते, पश्चात्ताप झालेला माणूस आपल्या पाळकांना लिहितो, अन्याय पाहणारा कारकून बातमीदाराला लिहितो. या पत्रांवर कोणाची नजर असू नये. आणि मूळ पाठवणारा सापडला तरी कराचीच्या त्या चित्रफितीचा उगम शोधून तुम्ही कोठे पोहोचाल? मुलांचे भले चिंतणाऱ्या एका संस्थेच्या दाराशी! विष वाटेत कालवले गेले होते.

परंतु मोहोरबंद पाकिटाचा हक्क मागताना त्याच्याबरोबर येणारे ओझेही उचलले पाहिजे. पाकीट कोणी उघडणार नाही, याचाच अर्थ असा, की वाटेत चूक दुरुस्त करणाराही कोणी नाही. पोलीस नाही, संपादक नाही, पोस्टमास्तर नाही. उरतो फक्त पाठवणाऱ्याचा विवेक. स्वातंत्र्य जितके मोठे, तितका विवेकावरचा भार मोठा. जे काम कायद्याने करू नये असे आपण म्हणतो, ते आपण स्वतः केलेच पाहिजे. नाहीतर एक दिवस कायदा ते करू लागेल आणि तेव्हा तक्रार करण्याचे तोंड आपल्याला उरणार नाही.

माझ्या तरुणपणी पोस्टकार्डांच्या साखळ्या चालत. ‘हे पत्र अकरा जणांना लिहा, लाभ होईल, न लिहिल्यास अनर्थ होईल.’ असे एक कार्ड एकदा मला आले. मनात भीती बसली आणि मी अकरा कार्डे आणून लिहायला बसले. माझे वडील शिक्षक होते. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “बेटा, याखाली तू आपले नाव आणि पत्ता लिहिशील का?” मी म्हटले, “नाही, नाव कसे लिहू?” ते म्हणाले, “मग जे तुझ्या नावावर चालत नाही ते तुझ्या हाताने का चालावे?” मी ते कार्ड चुलीत टाकले. ही कसोटी मला तेव्हा कळली होती, आणि 2018 मध्ये मी ती विसरले. ‘हे मी पाहिले आहे, किंवा पाहणाऱ्याला विचारले आहे,’ असे लिहून खाली सही करता येत असेल तरच ते पुढे जावे.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळ्यांपुरती. सगळेच खरे पुढे पाठवण्यासारखे असते असे नाही. ‘अमक्या भगिनीसाठी प्रार्थना करा’ असे लिहून तिचा आजार, तिच्या घरातले भांडण, तिच्या मुलाचे व्यसन आपण दोनशे लोकांपुढे मांडतो. त्यात एकही शब्द खोटा नसतो. पण तिने ते आपल्याला विश्वासाने सांगितले होते. दोनशे जणांना सांगितले नव्हते. तिला आधी विचारावे. ती नाही म्हणाली तर आपण एकट्याने गुडघे टेकावे. प्रार्थना ऐकणाऱ्याला नाव ठाऊक आहे.

राहता राहिली चूक झाल्यावर काय करावे ही गोष्ट. त्या प्रसंगानंतर मी तो संदेश काढून टाकला आणि गप्प बसले. लोकांच्या लक्षात येऊ नये असे वाटले. आज मला दगडापेक्षा त्या गप्प बसण्याची लाज अधिक वाटते. जक्कयाने केवळ ‘चुकलो’ म्हटले नाही. ज्यांचे घेतले होते त्यांना चौपट परत करण्याचे त्याने बोलून दाखवले. अफवा जितक्या घरी गेली तितक्या घरी पश्चात्तापाने पायी गेले पाहिजे. ‘मी काल पाठवलेले खोटे होते, ज्यांना तुम्ही पाठवले असेल त्यांना कळवा’ या एका ओळीने त्या मावशींसाठी काही दारे कदाचित उघडी राहिली असती.

पुढच्या रविवारी मी वर्गात त्या मुलीला उत्तर दिले. “होय, ती साक्षच होते,” असे म्हणून मी ही सगळी हकीकत सांगितली. दगड मारणारा मुलगा आता मोठा झाला आहे. आमच्याच शब्बाथ शाळेत तो लहान मुलांना गीते शिकवतो आणि त्या दिवशी दाराशी उभा राहून ऐकत होता. वर्ग सुटल्यावर तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, “बाई, त्या मावशी कोणत्या गावच्या होत्या, कोणाला ठाऊक असेल का?”

आम्ही दोघांनी शोध सुरू केला आहे. बाजारात फण्या विकायला बसणाऱ्या बायकांकडे विचारतो आहोत. अजून पत्ता लागलेला नाही. नाव ठाऊक नसलेल्या माणसाला शोधणे फार कठीण असते. त्याच्याविषयीची अफवा पाठवणे मात्र किती सोपे होते!